ताईच्या घरचं नेट: सहा माणसं, वीस डिव्हाइस आणि जिन्याखालचा मोडेम

जूनमध्ये एका शनिवारी रात्री ताईचा फोन आला, "अरे, यांचा कॉल परत अडकला, परत त्या माणसांसमोर मान खाली घालायची वेळ आली, तू उद्या ये आणि हे नेटचं एकदाचं मिटव." एप्रिलमध्ये त्यांनी प्लॅन १०० चा २०० एमबीपीएस करून घेतला होता, कंपनीचा मुलगा दोनदा येऊन गेला होता, आणि तरी रोज संध्याकाळी तेच. मी पूर्ण दोन रविवार आणि मधल्या काही संध्याकाळी त्यात घातल्या, आणि काय सापडलं, काय घेतलं, काय घ्यायचं टाळलं ते सगळं इथे सविस्तर लिहितोय, कारण माझ्या ओळखीत निदान चार घरं आहेत जिथे हाच प्रकार चालू आहे आणि सगळे फक्त प्लॅन वाढवत बसलेत.

घर आणि माणसं

घर नाशिकला, इंदिरानगरकडे, रो हाऊस, खाली हॉल, किचन आणि सासू-सासऱ्यांची खोली, वर दोन बेडरूम आणि मागे गच्ची. माणसं सहा. दाजी अमेरिकेतल्या क्लायंटसाठी काम करतात, त्यामुळे त्यांचे कॉल संध्याकाळी साडेसात ते साडेदहा, तेही व्हीपीएनवरून, म्हणजे ऑफिसच्या नेटवर्कला जोडणाऱ्या सुरक्षित वाटेने, वरच्या मागच्या बेडरूममध्ये टेबल. ताई दुपारी ऑनलाइन गणिताचे क्लास घेते. भाचा इंजिनिअरिंगला, अभ्यास आणि गेम दोन्ही लॅपटॉपवर. भाची दहावीला, टॅबवर व्हिडिओ लेक्चर. काकूंना, म्हणजे ताईच्या सासूबाईंना, रात्री हॉलमधल्या टीव्हीवर मालिका लागतात आणि दर रविवारी न्यू जर्सीतल्या धाकट्या मुलाशी व्हिडिओ कॉल. अण्णांनी, म्हणजे ताईच्या सासऱ्यांनी, हौसेने चार वायफाय कॅमेरे बसवून घेतलेत, गेटला, पोर्चमध्ये, मागच्या बाजूला आणि गच्चीवरच्या टाकीजवळ.

डिव्हाइस मोजले तर सात फोन, कारण दाजींचे दोन, तीन लॅपटॉप, एक टॅब, दोन टीव्ही, चार कॅमेरे, प्रिंटर आणि दोन स्मार्ट प्लग, एकूण वीस. ताईला खरंच वाटत नव्हतं, ती म्हणाली आमच्याकडे असतील सात-आठ.

आता "नेट स्लो आहे" ही तक्रार सगळ्यांची एकच वाटत होती पण मी एकेकाला बसवून विचारलं तेव्हा लक्षात आलं की ती पाच वेगवेगळी दुखणी आहेत. दाजींचा आवाज तुटतो आणि व्हीपीएन परत जोडावं लागतं, भाच्याचा पिंग, म्हणजे निरोप जाऊन उत्तर यायला लागणारा वेळ, अचानक तीनशे मिलिसेकंदावर जातो, भाचीचा व्हिडिओ थांबत नाही पण धूसर होतो, काकूंच्या टीव्हीवर चक्र गोल गोल फिरतं, अण्णांचा मागचा कॅमेरा रोज रात्री ऑफलाइन दाखवतो. आणि सकाळी अकराला यातलं काहीच होत नाही. हे वेळेचं फार महत्त्वाचं आहे, ते नीट लिहून ठेवा आधी.

डबा एक, कामं तीन

पूर्वी टेलिफोनच्या तारेवरून ब्रॉडबँड यायचं तेव्हा तो डबा खरोखर मोडेम होता, त्याला स्प्लिटर, मग एका बाजूला फोन. आता फायबर आलं तरी घरात आपण त्याला मोडेमच म्हणतो, काही लोक ओएनटी म्हणतात, काही ओएनयू. तो करतो काय, तर काचेच्या तारेतून आलेला प्रकाश नेहमीच्या नेटवर्कच्या भाषेत बदलतो, हे पहिलं काम. दुसरं काम राउटरचं, म्हणजे एकच कनेक्शन घरातल्या वीस जणांना वाटून देणं. तिसरं वायफायचं. कंपनी जो पांढरा डबा देते त्यात ही तिन्ही कामं कोंबलेली असतात आणि कुठलं काम बिघडलंय हे बाहेरून कळत नाही, म्हणून आपण सरसकट म्हणतो की नेट खराब आहे.

ताईच्या घरी हा डबा होता जिन्याखाली. फायबर गेटकडून आली, जिन्याखाली इन्व्हर्टर होता, प्लग होता, बसवणाऱ्याने तिथेच ठोकला. वर जिन्याचा सिमेंट-सळईचा तिरका स्लॅब, शेजारी इन्व्हर्टरची बॅटरी, समोर चपलांचं लोखंडी कपाट आणि एक जुनी पत्र्याची पेटी. त्यातून वायफायची लहर बाहेर पडून, स्लॅब भेदून, नऊ इंची विटांच्या भिंतीपलीकडे मागच्या बेडरूममध्ये जायची अपेक्षा होती.

आधी मोजलं

लॅपटॉप घेतला, लॅनची वायर घेतली आणि थेट डब्याच्या पहिल्या पोर्टला लावून स्पीड बघितला, डाउनलोड १९६, अपलोड १९१. म्हणजे कंपनी जे पैसे घेते ते देते. डब्याच्या सेटिंगच्या पानावर जाऊन ऑप्टिकल पॉवर, म्हणजे येणाऱ्या प्रकाशाची ताकद, बघितली, वजा २१ डीबीएम, घरगुती जीपॉन (फायबरचा नेहमीचा प्रकार) कनेक्शनला ती साधारण वजा ८ ते वजा २७ च्या आत असावी लागते, म्हणजे तीही छान. तो कंपनीचा मुलगा दोनदा येऊन डब्याजवळ उभा राहून "सर लाइन ओके आहे" म्हणून गेला होता ना, तो खरंच बोलत होता, त्याच्यावर चिडण्यात अर्थ नव्हता.

मग तीच वायर दुसऱ्या पोर्टला लावली तर ९४. तिसऱ्याला पण ९४. अशा बऱ्याच डब्यांत एकच पोर्ट गिगाबिट, म्हणजे हजार एमबीपीएसचा असतो आणि बाकीचे शंभरचे, खाली बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. भाचा कधीमधी वायर लावायचा ती या तिसऱ्यात, म्हणजे २०० चा प्लॅन घेऊन त्याला त्यातलं अर्धंच मिळत होतं आणि कोणालाच माहीत नव्हतं.

वायफायवर हॉलमध्ये फोनला ४८ आला. वर मागच्या बेडरूममध्ये दुपारी ७. आणि रात्री साडेआठला, सगळे घरी असताना, २ ते ३.

पण मला सगळ्यात जास्त कामाला आली ती एक साधी गोष्ट, आणि ती कोणालाही करता येते. दाजींच्या लॅपटॉपवरून बाहेरच्या वेबसाइटला पिंग न लावता मी घरातल्याच डब्याला पिंग लावला, १९२.१६८.१.१ ला. ही घरातल्या घरातली फेरी, लॅपटॉप ते जिन्याखालचा डबा आणि परत, त्याला दोन-तीन मिलिसेकंद लागायला हवेत. सकाळी ४ ते ६ मिलिसेकंद येत होतं. रात्री साडेआठला ८०, २४०, ६१०, मग एक उत्तर आलंच नाही, मग १९०. नेट अजून घराबाहेर पडलंच नव्हतं आणि आधीच अडकलं होतं. दाजी शेजारी उभे होते, ते म्हणाले, "म्हणजे आपण दोन महिने जास्तीचे पैसे भरले ते कशाला?" मला उत्तर द्यायची गरजच पडली नाही.

रात्रीच का

डबा फक्त २.४ गिगाहर्ट्झचा होता, ५ गिगाहर्ट्झ नव्हताच. फोनवर वायफाय ॲनालायझरचं ॲप टाकून बघितलं तर दाजींच्या खोलीतून २४ नेटवर्क दिसत होती, रो हाऊसची ओळ आहे, प्रत्येकाकडे एक डबा. २.४ मध्ये आपल्याकडे १ ते १३ चॅनल असतात पण एकमेकांवर न चढणारे तीनच, १, ६ आणि ११. ताईचा डबा ६ वर होता, आणखी नऊ घरं त्याच ६ वर, शिवाय डबा ऑटोमध्ये नेहमीच्या २० ऐवजी ४० मेगाहर्ट्झची रुंदी घेत होता म्हणजे आजूबाजूच्यांच्या जागेतही पाय पसरून बसला होता.

त्यात अण्णांचे कॅमेरे. चारही कॅमेरे चोवीस तास क्लाउडवर रेकॉर्डिंग पाठवत होते, प्रत्येकी दीड-दोन एमबीपीएस, म्हणजे सगळं मिळून सहा-आठ. फायबरला हे काहीच नाही. पण मागच्या कॅमेऱ्याला सिग्नल इतका कमी की तो अगदी हळू वेगाने बोलायचा, आणि वायफायमध्ये एका वेळी एकच जण बोलू शकतो. सार्वजनिक नळावर कोणी बारीक तोंडाची कळशी घेऊन उभा राहिला की नळाला कितीही पाणी असो, मागच्या सगळ्यांच्या घागरी रिकाम्याच राहतात ना, अगदी तसं. नळ २०० चा होता, अडली होती ती रांग. आणि रात्री आठला त्या रांगेत काकूंची मालिका, भाच्याचा गेम, भाचीचं लेक्चर, ताईच्या फोनमधले फोटो बॅकअपला जाणारे, सगळे एकदम.

इथे मी एक चूक केली ती सांगतो. पहिल्या रविवारी घाईत सतराशे रुपयांचा एक एक्स्टेंडर, म्हणजे आहे तेच वायफाय पकडून पुढे पाठवणारा डबा, आणला आणि जिन्याच्या वळणावर लावला. वरचा स्पीड ७ वरून १५ झाला, सगळे खूश. रात्री दाजींचा कॉल आधीपेक्षा वाईट गेला. कारण तो एक्स्टेंडर त्याच चॅनलवर ऐकतो आणि त्याच चॅनलवर परत बोलतो, म्हणजे प्रत्येक गोष्ट हवेतून दोनदा जाते, आणि आमच्याकडे हवेतच जागा नव्हती. आठवड्याच्या आत परत करून टाकला. ज्या घरात फक्त एका कोपऱ्यात व्हॉट्सॲप चालायला हवं तिथे एक्स्टेंडर ठीक आहे, पण कॉलवर पोट असलेल्या माणसाच्या घरात तो लावू नका, मी मनापासून सांगतोय.

मोडेम स्वतःचं घ्यावं का

रविवारच्या कॉलवर न्यू जर्सीचे दीर ताईला म्हणाले, "वहिनी, स्वतःचं मोडेम विकत घ्या, भाडं वाचतं, इकडे सगळे तसंच करतात." त्यांचं तिकडे बरोबर आहे. अमेरिकेत पुष्कळ घरांत केबल टीव्हीच्या जाड तारेवरून नेट येतं, त्याला डॉक्सिस मोडेम लागतं, ते दुकानात मिळतं, कंपनीच्या यादीत ते मॉडेल असलं की फोन करून चालू करून घ्यायचं, आणि कंपनीचं मोडेम ठेवलं तर अनेकदा महिन्याला भाडं. आपल्याकडे फायबरवर गोष्ट वेगळी आहे. इथे त्या पांढऱ्या डब्याचा सीरियल नंबर कंपनीच्या पलीकडच्या यंत्रात नोंदवलेला असतो, ती नोंद असेल तरच लाइन चालू होते. ऑनलाइन हजार-बाराशेला ओएनयू मिळतात, त्यात काही जीपॉनचे, काही ईपॉनचे, तुमच्या लाइनला कुठलं चालतं ते आधी माहीत पाहिजे, आणि कंपनीने नोंद करून दिली नाही तर तो डबा शोभेचा. शिवाय काकूंचा लँडलाइन याच डब्याच्या फोन पोर्टवर चालतो, डबा बदलला की नंबर बंद. म्हणून ठरवलं की फायबरचं काम ज्याचं त्यालाच करू द्यायचं, ते नीट चाललंय, फक्त राउटर आणि वायफाय ही दोन कामं त्याच्याकडून काढून घ्यायची.

काय घेतलं

दुकानदाराने आठ अँटेनांचा एक मोठा काळा राउटर दाखवला, साडेअकरा हजार, म्हणाला साहेब पूर्ण बंगला कव्हर. तो वाईट नव्हता. पण राउटर कितीही मोठ्याने बोलला तरी वरच्या खोलीतला फोन तेवढ्याच हळू आवाजात उत्तर देणार, त्याची बॅटरी आणि अँटेना तेवढीच, आणि स्लॅब दोघांच्या मध्ये. त्यामुळे एक मोठा घेण्यापेक्षा दोन साधे, एक खाली एक वर, आणि दोघांच्या मध्ये तार, हे मी धरून बसलो.

खोक्यावरच्या आकड्यांबद्दल थोडं सांगतो कारण तिथेच माणूस फसतो. वायफाय ६ च्या राउटरवर एएक्स आणि एक आकडा लिहितात, एएक्स ३००० म्हणजे ५७४ आणि २४०२ एमबीपीएसची बेरीज, पहिला आकडा २.४ चा, दुसरा ५ चा, आणि ही बेरीज कोणालाच एकत्र मिळत नाही. शिवाय तो २४०२ येतो १६० ची रुंदी वापरली तर. नेहमीच्या ८० वर आणला की तो १२०१ होतो. आणि एएक्स १५०० म्हणजे काय, ३०० अधिक १२०१. म्हणजे ८० च्या रुंदीवर पाचचा वेग दोघांचा सारखाच! आमच्याकडे प्लॅन २०० चा, फोन सगळे दोन अँटेनांचे, जवळ बसून प्रत्यक्षात पाचशेच्या आसपास मिळालं तरी ते गरजेच्या दुप्पट आहे. एएक्स १५०० चा २.४ चा भाग अनेकदा जुन्या पद्धतीचाच असतो, पण त्यावर कॅमेरे आणि प्लगच बसणार होते, ते तसेही जुन्याच पद्धतीचे. वायफाय ७ पण दाखवला, त्याचं सर्टिफिकेशन जानेवारी २०२४ ला सुरू झालं, पण या घरात ते समजणारा एकही फोन नाही, तेव्हा तो विषय तिथेच सोडला.

म्हणून एकाच कंपनीचे दोन एएक्स १५०० घेतले, प्रत्येकी बत्तीसशे. मी खोक्यावर बघितलं ते इतकंच की वायफाय ६ आहे ना, सगळे पोर्ट गिगाबिट आहेत ना, कारण स्वस्तातल्या काही राउटरना अजून शंभरचेच पोर्ट असतात, आणि मेशमध्ये, म्हणजे दोन राउटर मिळून एकच वायफाय करताना, दोन युनिट वायरने जोडता येतात ना. किती अँटेना आहेत ते मोजलंसुद्धा नाही.

तार

खरं काम इथे झालं. खालून वर तार न्यायची तर भिंत फोडायला ताईचा ठाम नकार, नुकताच रंग झालेला. विजेच्या पाइपातून नेता आली असती पण २३० व्होल्टच्या तारांच्या पाइपात लॅनची तार घालायची नसते, सुरक्षेचाच प्रश्न आहे आणि व्यत्ययही येतो, इलेक्ट्रिशियन म्हणाला तरी करू देऊ नका. मग अण्णांना आठवलं की डिश टीव्हीची जुनी काळी केबल गच्चीवरून वरच्या पॅसेजमधून हॉलपर्यंत वेगळ्या पाइपातून आलीय आणि डिश तीन वर्षांपूर्वीच काढलीय. तीच आमची ओढायची दोरी झाली.

कॅट ६ ची, म्हणजे गिगाबिटला चालणारी लॅनची तार घ्यायला पहिल्या दुकानात गेलो तिथे बारा रुपये मीटर. मी ब्लेड मागितलं आणि आतल्या एका तारेवर हलकंच खरवडलं, वरून तांब्याचा रंग आणि आत पांढरी चकाकी, म्हणजे ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा. अशी तार काही दिवस चालते, मग वळणावर तुटते, रेझिस्टन्सही जास्त. दुसऱ्या दुकानात पूर्ण तांब्याची तीस रुपये मीटरने मिळाली, वीस मीटर घेतली.

इलेक्ट्रिशियनने जुन्या डिशच्या केबलच्या टोकाला नवी तार निमुळती बांधली, गाठ न मारता दोन्ही टोकं तिरकी कापून वरून चिकटपट्टी, अंगाला लावायची पावडर भरपूर चोपडली, भाचा वर पॅसेजमध्ये ओढायला आणि मी खाली हॉलमध्ये सोडायला. पहिले चार मीटर सरसर गेली आणि जिन्याच्या वळणावर अडकली. ओढ म्हणालो की भाचा जोर लावायचा आणि मी घाबरायचो की आतली तार ताणून तुटेल. शेवटी परत खाली ओढून घेतली, चिकटपट्टीचा फुगवटा कापून बारीक केला, आणि दुसऱ्या वेळी "आली मामा, आली!" असा वरून आवाज आला तेव्हा काकूंनी टीव्ही बंद करून टाळ्या वाजवल्या.

दोन्ही टोकांना कनेक्टर लावले, वर राउटर जोडला, स्पीड बघितला तर ९४. परत ९४! हा आकडा दिसला की समजून जायचं की कुठेतरी लिंक शंभरवर आलीय. या तारेत आठ बारीक तारा असतात, शंभरच्या वेगाला त्यातल्या चारच लागतात, नारिंगी जोडी आणि हिरवी जोडी, गिगाबिटला आठही लागतात. म्हणजे निळ्या किंवा तपकिरी जोडीत गडबड. वरचा कनेक्टर उजेडात धरून बघितला तर शेवटची तपकिरी तार टोकापर्यंत पोचलीच नव्हती, दोन मिलिमीटर आधीच थांबलेली, पिन तिच्यावर बसलीच नाही. कापला, नवीन लावला, या क्रमाने, पांढरी-नारिंगी, नारिंगी, पांढरी-हिरवी, निळी, पांढरी-निळी, हिरवी, पांढरी-तपकिरी, तपकिरी, आणि लिंक हजारवर गेली. तपासलं नसतं तर कोणाला कळलं नसतं आणि पुढच्या वर्षी कोणीतरी म्हटलं असतं, राउटर खराब निघाला.

खालचा डबा जिन्याखालीच राहू दिला, फायबर हलवायची नाही हे मी आधीच ठरवलं होतं, ती तार जास्त वाकवली की सिग्नल पडतो. डब्यापासून चार मीटरची लॅनची तार काढून नवा राउटर हॉलमध्ये शोकेसवर, जमिनीपासून साधारण सहा फूट उंचीवर ठेवला. वरचा पॅसेजमध्ये, दोन्ही बेडरूमच्या दारांच्या मध्ये.

ब्रिज मोड

दोन राउटर एकामागे एक लागले की डबल नॅट होतं, म्हणजे वाटून देण्याचं काम दोनदा होतं, रोजच्या वापराला चालतं पण गेम आणि काही व्हीपीएन कुरकुर करतात. म्हणून डबा ब्रिज मोडला टाकायचा, म्हणजे तो फक्त प्रकाशाचं काम करेल. कस्टमर केअरला तीनदा फोन केला, तिन्ही वेळा "अशी सुविधा नाही सर." शेवटी त्या आधीच्या मुलाला फोन केला, तो म्हणाला, "सर आधीच सांगायचं ना, करून देतो," दहा मिनिटांत त्याने करून दिलं, पीपीपीओईचा, म्हणजे कंपनीच्या लाइनवर लॉगिन करायचा, यूजरनेम-पासवर्ड आणि व्हीलॅनचा नंबर व्हॉट्सॲपवर पाठवला. तरी लागेना, कारण कंपनीकडे जुन्या डब्याचा मॅक ॲड्रेस, म्हणजे यंत्राचा ओळख क्रमांक, बांधलेला होता, तो त्याने काढल्यावर पाच मिनिटांत नेट आलं आणि काकूंचा लँडलाइनही चालू राहिला. नंतर डब्याचं स्वतःचं वायफाय बंद करायला विसरू नका, नाहीतर ते रिकामंच हवेत ओरडत राहतं. आणि ब्रिज मिळालाच नाही तर नवा राउटर ॲक्सेस पॉइंट मोडला टाका, वाटून देण्याचं काम जुन्या डब्याकडे राहील पण वायफाय नवं मिळेल, त्यानेही बहुतेक दुखणं जातं.

बाकी सेटिंग पटापट सांगतो. २.४ ला २० ची रुंदी पक्की केली, खाली चॅनल १, वर ११. कॅमेरे, प्रिंटर, प्लग यांना २.४ वर वेगळं नाव आणि डब्ल्यूपीए२ ही जुनी सुरक्षा पद्धत, कारण असली डिव्हाइस ५ पकडतच नाहीत आणि एकच नाव ठेवलं तर जोडताना गोंधळ घालतात. फोन-लॅपटॉप ५ वर. दाजींचा लॅपटॉप वरच्या राउटरला वायरने. कॅमेऱ्यांमध्ये मेमरी कार्ड टाकून चोवीस तास क्लाउडऐवजी हालचाल झाली तरच पाठवायचं केलं, याला अण्णा आधी तयार नव्हते, कार्डावर सगळं राहतंय हे फोनवर उघडून दाखवलं तेव्हा मानले. राउटरच्या क्यूओएसमध्ये, म्हणजे कोणाला आधी सोडायचं ते ठरवणाऱ्या सेटिंगमध्ये, एकूण वेग २०० ऐवजी १८० दिला, म्हणजे गर्दी झाली तर रांग आपल्या राउटरमध्ये लागते आणि दाजींच्या लॅपटॉपला पुढे काढता येतं.

लाइट जाते तेव्हा

हे सगळं झालं आणि मंगळवारी पावसात लाइट गेली, इन्व्हर्टर चालू झाला, पंखे फिरत राहिले आणि दाजींचा कॉल कटला. इन्व्हर्टर आपोआप येताना जो पापणी लवण्याइतका खंड पडतो तेवढ्यात डबा आणि राउटर रीस्टार्ट होतात, परत उभं राहायला दोन-अडीच मिनिटं. त्याला उपाय छोटा १२ व्होल्टचा यूपीएस, तेराशेचा, खाली एक ज्यात डबा आणि राउटर दोन्ही, वर एक. घेताना ॲडॅप्टरवर लिहिलेलं बघा, व्होल्ट तेवढेच पाहिजेत, अँपिअर दोन्हींची बेरीज करून तेवढे किंवा जास्त. माझ्या मते नाशिकसारख्या ठिकाणी घरून काम करणाऱ्याने राउटर थोडा स्वस्त घ्यावा पण हा यूपीएस सोडू नये.

एकूण खर्च, राउटर ६४००, तार ६००, कनेक्टर वगैरे २५०, इलेक्ट्रिशियन ७००, दोन यूपीएस २६००, म्हणजे १०,५५०. त्या एका काळ्या राउटरपेक्षा कमी.

आता काय स्थिती आहे

रात्री साडेआठला, सगळे घरी असताना, दाजींच्या लॅपटॉपवरून राउटरला पिंग १ ते २, बाहेर १० ते १४, आणि भाचा मुद्दाम मोठी फाइल डाउनलोड करत असतानाही २० च्या वर गेला नाही. २०० चा प्लॅन होता तोवर भाचीच्या खोलीत टॅबला १७० यायचे. मागचा कॅमेरा जूनपासून दोनदाच ऑफलाइन गेला, दोन्ही वेळा त्याचाच ॲडॅप्टर ओला झाला होता.

मग ऑगस्टमध्ये दाजींनी स्वतः हिशोब मांडला. दोन टीव्ही फोर-के वर धरले तरी तीसच्या आसपास, व्हिडिओ कॉल तीन-चार एकेकाला, कॅमेरे आता नगण्य, सगळे एकदम बसले तरी साठच्या आत. प्लॅन परत १०० वर आणला, क्यूओएसमध्ये १८० चं ९० केलं, आणि घरात कोणालाच फरक कळला नाही, बाकीच्यांना आम्ही मुद्दाम आधी सांगितलं नव्हतं. महिन्याला अडीचशे आणि वर १८ टक्के जीएसटी वाचतो, वर्षाचे साडेतीन हजार झाले, तीन वर्षांत सगळा खर्च भरून निघेल.

एक गोष्ट राहिलीय. अण्णा संध्याकाळी मागच्या गच्चीवर खुर्ची टाकून बसतात आणि तिथे फोनला जेमतेम एक दांडी येते. वीस मीटरपैकी पाच मीटर तार उरलीय, ताईने माळ्यावर गुंडाळून ठेवलीय, पॅसेजपासून गच्चीच्या दारापर्यंत मोजलं तर साडेचार भरतं. दिवाळीत जाणार आहे, तेव्हा क्रिंपर, कनेक्टर बसवायची पकड, सोबत नेतो.